व्हॉल्व्हपर्यंतची लांबी

माझं बोट आत गेलं आणि कुठेच टेकलं नाही. एवढंच झालं. एप्रिलमधली दुपार, कॉलेजला सुट्ट्या लागायच्या बेतात, लॅबमधला पंखा गरम हवा नुसती ढवळतोय, आणि मी फरशीवर वर्तमानपत्र अंथरून मोटारसायकलच्या जुन्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, डिझेलनं पुसत बसलेय. हे इंजिन नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये माझ्याही आधीपासून होतं. सोळा वर्षं मीच ते चालू-बंद करत आले, पण आतून कधी पाहिलं नव्हतं, कारण आमच्याकडे मशीन उघडायचं नसतं. त्याच्यावर पांढऱ्या रंगात नंबर असतो, वर्षातून एकदा कुणीतरी येऊन नंबर जुळवून जातं, आणि उघडलं तर ते पुन्हा तसंच बसेल याची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येत नाही. यंदा ते मोडीत निघालं म्हणून पहिल्यांदा त्याचे बोल्ट सुटले. हेड कापून मुलांना दाखवायला ठेवू, तोवर तुम्ही पुसून घ्या, असं विभागप्रमुखांनी सांगितलं होतं. हवा आत जायची जी वाट असते, पोर्ट म्हणतात तिला, तिच्यात चिकट मळ साठला होता. फडकं बोटाला गुंडाळून मी आत घातलं. अख्खं बोट गेलं तरी त्या वाटेच्या टोकाची झडप, व्हॉल्व्ह, लागली नाही. मग पेन्सिल घातली. ती टेकली तिथं नखानं खूण धरली, बाहेर काढून पट्टीवर ठेवली. नऊ सेंटीमीटर.

कुणी दारातून पाहिलं असतं तर चाळिशीची एक बाई पट्टीकडे टक लावून बसलीय एवढंच दिसलं असतं. माझे मात्र कान तापले होते. हसू येतंय की रडू हे कळायला वेळ लागला. हसूच होतं. एकवीस वर्षं मी ज्या उत्तराला चुकीचं समजत होते ते चुकीचं नव्हतं. गणित बरोबर होतं. कल्पना बरोबर होती. मी बरोबर होते. फक्त पाईप कुठं संपतो एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी उठले, माठातलं पाणी प्याले, परत येऊन पुन्हा पेन्सिल घातली. पुन्हा नऊ. त्या दिवशी मी ती पेन्सिल निदान दहा वेळा आतबाहेर केली असेल, आणि दर वेळी नऊ आले की एखाद्यानं माझं नाव घेऊन शाबासकी दिल्यासारखं वाटायचं.

गोष्ट साधी आहे, निदान एकोणिसाव्या वर्षी मला ती साधी वाटली होती. पिस्टन खाली जातो तेव्हा पाईपातली हवा ओढून घेतो. त्या ओढीचा हिसका पाईपमधून उलटा पळत तोंडापर्यंत जातो आणि उघड्या तोंडाशी पोचला की धक्का होऊन माघारी येतो. व्हॉल्व्ह मिटायच्या जरा आधी हा धक्का परत पोचला तर जास्तीची हवा आत लोटून देतो. एसटीचा कंडक्टर दार ओढता ओढता शेवटच्या माणसाला पाठीला हात लावून आत ढकलतो, तसा. हवा जास्त म्हणजे जोर जास्त. पाईप लांब असला तर धक्क्याला यायला वेळ लागतो, म्हणून तो सावकाश फिरणाऱ्या इंजिनाच्या कामी येतो; ओढ खालीच मिळते, चढाला, ओझ्याला. पाईप आखूड असला तर धक्का लवकर येतो, तो भरभर फिरणाऱ्या इंजिनाच्या उपयोगाचा. तिथं वरच्या टोकाला पॉवर वाढते. दोन्ही एका पाईपात मिळत नाही. हे उत्तर चार मार्कांचं आहे आणि दर वर्षी सगळी मुलं ते बरोबर लिहितात.

मला ते लिहायचं नव्हतं, करून बघायचं होतं. लातूरला डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट तोच होता. आमचा म्हणजे माझा आणि मल्लिनाथचा. मी मुखेडची, तो औशाचा. बाकीच्यांनी प्रोजेक्ट बाहेरून तयार करून आणले होते, तेव्हा तशी पद्धतच होती. रंग दिलेलं काहीतरी टेबलावर ठेवायचं, बटण दाबलं की ते फिरायचं. आम्ही दोघं तेवढे वेडे निघालो. गणित माझं, पाईप त्याचा. औशाला त्याच्या मामाचं लोखंडी दारं-खिडक्या करायचं दुकान होतं, तिथं तो लहानपणापासून वेल्डिंग शिकला होता. त्यानं जोडलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं तरी सांधा कुठं आहे ते लागायचं नाही. मी आकडे काढले. पुस्तकातली हवा वीस अंशांची होती. ती कुणाच्या गावची होती देव जाणे, लातूरची नव्हती. गरम हवेत आवाज जास्त जोरात पळतो आणि हा धक्काही आवाजाच्याच वेगानं पळतो, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी एप्रिलमधल्या लातूरची चाळीस अंशांची हवा धरली, आणि मिनिटाला पाच हजार फेऱ्यांसाठी पुस्तकाचा पाईप साडेएकावन्न सेंटीमीटरचा येत होता तिथं माझा सव्वात्रेपन्नचा आला. केवढी ऐट वाटली होती मला त्या पावणेदोन सेंटीमीटरची. परदेशी पुस्तकाला मी लातूरचं ऊन शिकवलं असं मी होस्टेलमध्ये सांगत फिरत होते. त्या पावणेदोनच्या तोऱ्यात माझे नऊ राहून गेले. गंमत अशी की त्याच बनावटीच्या इंजिनाच्या हेडचा उभा काप मी जर्नलमध्ये तीनदा काढला होता. पोर्ट काढला, व्हॉल्व्ह काढला, बाण देऊन हवा आत जाताना दाखवली, सरांची सही घेतली. पण माझ्या डोक्यातला पाईप जिथं बोल्टनं बसतो तिथं, फ्लँजपाशी, संपायचा. तिथून पुढं इंजिन, आणि इंजिन सरकारी, त्याला हात लावायचा नाही. हवेला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती मुकाट्यानं आणखी नऊ सेंटीमीटर चालत व्हॉल्व्हपर्यंत जात होती आणि ओढीचा हिसकाही तिथूनच निघत होता.

परीक्षेला बाहेरून आलेले सर घाईत होते. वेळ थोडा होता म्हणून आम्ही चार हजार आठशे, पाच हजार आणि पाच हजार दोनशे एवढ्याच फेऱ्यांवर जोर मोजून दाखवला. मूळच्या पाईपपेक्षा काडीचाही जास्त नाही. उलट थोडा कमीच. सरांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, मग काय सिद्ध केलंत तुम्ही. मल्लिनाथ माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हाताला वेल्डिंगच्या फ्लक्सचा वास येत होता, तो वास मला आजही येतो. मी खूप विचार करून बोलले असं नाही, पण अगदी नकळत बोलले असंही नाही. मी म्हणाले, सर, डिझाइन बरोबर आहे, वेल्ड गळतोय. सर मल्लिनाथकडे बघून हसले. मल्लिनाथनं माझ्याकडे पाहिलं आणि पाईप सोडवायला घेतला. महिनाभरात होस्टेलभर त्याचं नाव गळका मल्ल्या पडलं. वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून त्याला घ्यायचं आमच्या मास्तरांच्या मनात होतं, ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आणि मी, डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणार म्हणून सगळ्या मुखेडभर सांगून आलेली, मी अर्जच भरला नाही. मनात पक्कं बसलं होतं की वेल्ड वगैरे काही गळत नाही, माझं डोकंच गळकं आहे. पुस्तक वाचून मला जे खरं वाटतं ते लोखंडात खरं होत नाही. पुढे लग्न, नांदेड, लॅबमधली ही नोकरी. मुलं चुकीच्या जागी वायर लावतात तेव्हा ती काढून बरोबर जागी लावायची, आणि मॅडम हे असं का होतं असं कुणी विचारलं तर सरांना विचारा म्हणायचं.

संध्याकाळी तरोड्याला घरी आले तेव्हा मी स्कूटीवरच पाढे म्हणत होते. त्रेपन्न आणि नऊ, बासष्ट. बासष्ट सेंटीमीटरचा पाईप पाच हजारांवर जोर देणारच नव्हता. तो चार हजार तीनशेच्या आसपास देणार. म्हणजे त्या दिवशी जोराचा तो उंचवटा तिथंच होता, त्याच टेबलावर, त्याच इंजिनात. आम्ही त्याला पाच हजारांवर शोधत होतो आणि तो सातशे फेरे खाली बसून होता. मला इतका आनंद झाला की भाजी करपली तरी कळलं नाही. माझे यजमान हरिओम, हदगावचे, शाळेत इतिहास शिकवतात. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून काय झालं विचारलं. मी कणकेच्या हातानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना पाईप किती कळला कोण जाणे, पण त्यांनी गॅस बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग शिक्षक माणूस विचारतो तसा एकच प्रश्न विचारला.

"मग तो वेल्ड गळत होता का न्हाई?"

इतका वेळ मी एकटीच जिंकत होते. नऊ सेंटीमीटर मला सोडवत होते आणि त्याच नऊ सेंटीमीटरनी मल्लिनाथही सुटत होता, हे मला दिसलंच नव्हतं. की दिसलं होतं आणि मी पाढे म्हणत त्याच्यावरून स्कूटी काढली होती. गळत नव्हता. गळत असता तर आकडे वेडेवाकडे आले असते, आमचे आकडे गुळगुळीत होते. म्हणजे मी त्या दिवशी फक्त घाबरून खोटं बोलले नव्हते, साफ खोटं बोलले होते. त्या रात्री मला झोप लागली, खरं सांगते, छान लागली. पण सकाळी उठल्याबरोबर मी हरिओमना म्हणाले की मला लातूरला जायचंय. ते म्हणाले, जाऊन ये, पण आधी दाखव त्याला आणि मग माफी माग. नुसती माफी घेऊन तो काय करून राहील.

मल्लिनाथ कुठं आहे हे मला माहीत होतं. आमच्या कॉलेजची मुलं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघतात. औसा रोडला त्याचं गॅरेज आहे, जुन्या मोटारसायकली तो नव्यासारख्या करतो, आणि त्यानं एक रोलरचं मशीन बसवलंय, त्यावर गाडी चढवून मागचं चाक फिरवलं की जोर किती आणि कितव्या फेऱ्याला ते संगणकावर रेघ काढून दिसतं. मल्लूभाऊंचा पाईप म्हणजे विषयच संपला, असं मुलं म्हणायची आणि मी टेबल पुसत पुसत ऐकायची. शनिवारच होता, सकाळच्याच एसटीनं निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, खिडकीबाहेर काळी रानं नांगरून पडली होती, आणि मी वहीच्या कागदावर दोन ओळी शाईनं लिहिल्या. फ्लँजपासून सव्वात्रेपन्न, तर उंचवटा चार हजार तीनशेला. नऊ कापले, तर पाच हजारला. पेन्सिलीनं लिहिलं असतं तर खोडता आलं असतं, म्हणून शाईनं. चाकूरजवळ मला एकाएकी वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. आयुष्यभर चूक समजलेली गोष्ट बरोबर निघाली हे काल पेन्सिलीनं कळलं होतं, तेवढं पुरे नव्हतं का? तिथं जाऊन रोलरवर ती पुन्हा चूक निघाली तर मग माझ्यापाशी काय राहणार होतं, कालचा आनंदसुद्धा नाही. मी खिडकीची दांडी घट्ट धरून बसले आणि चाकूर जाऊ दिलं.

गॅरेज मोठं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि एका स्टुलावर दूधवाला बसला होता, भुजंग नाव त्याचं, हे पुढं कळलं. त्याची गाडी चार कॅन घेऊन रिंग रोडच्या पुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मान टाकते म्हणून तो सकाळपासून नंबर लावून होता. मल्लिनाथ आता अंगानं भरलेला, कपाळाला भस्म, चष्मा दोरीनं गळ्यात. मी काही बोलायच्या आत त्यानं मला ओळखलं आणि मुखेडची सिंधू न्हवं का, असं म्हणून स्टूल पुसून दिलं. चहा आला. घरच्या चौकशा झाल्या. तो मला कधी तू म्हणत होता, कधी मॅडम. मी माफीचं काहीच बोलले नाही; हरिओमनी सांगितलं होतं म्हणून नव्हे, तोंडच उघडेना. मी नुसती विचारत गेले, आपल्या लॅबमधल्या इंजिनासारखी जुनी गाडी आहे का, पाईप किती वेळात होईल. त्यानं कशासाठी विचारलं. मी म्हणाले, आपला प्रोजेक्ट पुन्हा करायचाय. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि जरा वेळ माझ्याकडे बघितलं, तसंच, त्या दिवसासारखं. मग म्हणाला, "माप सांग."

मी सव्वात्रेपन्न सांगितलं, फ्लँजपासून, कार्बोरेटर धरून. जे चुकीचं होतं तेच. त्यानं दीड तासात तो केला. मी बघत होते. ठिणग्या उडत होत्या आणि माझ्या नाकात तोच वास शिरत होता. सांध्यावरून मी बोट फिरवलं, लागला नाही. शेडमधल्या तसल्याच एका जुन्या गाडीला पाईप बसला, गाडी रोलरवर चढली, पट्ट्यांनी आवळली. गाडीवर तो स्वतः बसला आणि मला संगणकापुढं बसवलं. त्याआधी मी माझा कागद घडी घालून त्याच्या खिशात ठेवला आणि नंतर बघ म्हणाले. मग आवाज सुरू झाला. शेडचा पत्रा थरथरायला लागला, दूधवाल्यानं कानात बोटं घातली, आणि पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. तीन हजार. साडेतीन. रेघ सपाट होती, रानातल्या पायवाटेसारखी. चार हजारांनंतर तिनं मान वर केली. माझा हात टेबलाच्या कडेवर होता आणि रेघ चढत होती, चढत होती, चार हजार दोनशे नव्वदला माथ्यावर पोचली, आणि मग सावकाश उतरून पाच हजारांवर अशी काही खाली होती की जणू तिथं काही घडायचंच नव्हतं. एकवीस वर्षं तो उंचवटा तिथंच होता. मला उठून नाचावंसं वाटत होतं. मल्लिनाथ गाडी बंद करून आला, पडदा बघितला, खिशातला कागद काढून पहिली ओळ वाचली, आणि पुन्हा पडदा बघितला.

"मल्लिनाथ," मी म्हणाले, "तुझा वेल्ड गळत नव्हता."

त्यानं फडक्याला हात पुसले, एकेक बोट. "ठावंय मला," तो म्हणाला. "त्याच दिशी सांजच्याला होस्टेलच्या हौदात बुडवून बघितला व्हता मी. येक बुडबुडा न्हाई आला."

मग तू बोलला का नाहीस हे मला विचारता आलं नाही, पण ते त्यानं ऐकलं असावं. "तुला डिग्रीला जायचं व्हतं. म्हनलं जाऊ दे हिला, आपलं काय, आपले हात हायत आपल्यापाशी." त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "अन् तू गेलीच न्हाईस."

या वाक्याची मी तयारी केली नव्हती. तो रागावेल, हसेल, विसरलो म्हणेल, या सगळ्याची मी एसटीत तयारी केली होती. त्यानं मला एक गोष्ट देऊन टाकली होती आणि मी ती उचललीसुद्धा नव्हती, एवढं मला कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. मी खोटं बोलले, मल्लिनाथ, मला माहीत नव्हतं तरी बोलले, असं मी सरळ म्हणाले. तो हो म्हणाला, नुसतं हो. नाही गं, असं काही नसतं, वगैरे म्हणाला असता तर मी आणखी लहान झाले असते. मग त्यानं कागदावरची दुसरी ओळ वाचली, लोखंड कापायची हॅकसॉ उचलली आणि पाईप काढून शिकंज्यात धरला, आणि नऊ कशावरून आणलेस ते सांग म्हणाला. मी त्याला पोर्टची गोष्ट सांगितली, पेन्सिलीची. तो ऐकता ऐकता थांबला. जमिनीवर पडलेलं एक हेड उचलून त्यानं स्वतःचं बोट आत घातलं, ते कुठं टेकत नाही हे बघितलं, आणि आपल्याच कपाळावर हात मारला. गेली पंधरा वर्षं तो अंदाजानं पाईप कापत होता. दोन बोटं काप, लावून बघ, अजून एक काप. का जमतं आणि का जमत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लई पाईप वाया घातले गं, म्हणाला, आणि मोठ्यानं हसला, आणि मीही हसले, डोळे पुसत.

नऊ कापले. पुन्हा पट्ट्या, पुन्हा आवाज. या वेळी मी संगणकापुढं बसले नाही, मागं उभी राहिले. चार हजार तीनशेला रेघ सपाट गेली. मागचा उंचवटा नव्हताच तिथं. साडेचार, पावणेपाच, आणि मग ती उठली. पाच हजार वीसला माथा. शाईनं लिहिलेल्या दुसऱ्या ओळीपेक्षा वीस फेरे जास्त, आणि त्या वीस फेऱ्यांचं मला काहीही वाटलं नाही. मी हात वर केले. शेडमध्ये होते नव्हते तेवढे सगळे, दोन कारागीर, चहावाला, दूधवाला, माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांना सांगितलं की एकवीस वर्षांपूर्वी हाच पाईप आम्ही दोघांनी केला होता, चूक मापात होती आणि माप माझं होतं, यांचा वेल्ड तेव्हाही गळत नव्हता आणि मी मात्र गळतो म्हणाले होते. कुणाला फारसं कळलं नाही. चहावाल्यानं मान हलवली. मल्लिनाथ कानापर्यंत लाल झाला होता आणि बस झालं मॅडम म्हणत होता, पण मला थांबवत नव्हता.

भुजंग दूधवाल्यानं मात्र कामाचं तेवढं ऐकलं होतं. तो स्टुलावरून उठून आला आणि म्हणाला की तुमचं पाच हजार मला काय करायचं, मला चढाला ओढ पाहिजे, पुलावर गाडी किती फिरती ते मला ठाव न्हाई पर मान टाकती ते ठाव हाय. मल्लिनाथनं माझ्याकडे पाहिलं. गाडी त्याच बनावटीची होती, हेड तेच. तिसऱ्या गिअरमध्ये त्या चढाला इंजिन साडेतीन हजार फिरत असेल, असा मल्लिनाथचा अंदाज होता, आणि फेऱ्यांचा त्याचा अंदाज चुकत नाही. मी भिंतीवरच खडूनं मांडलं. एकूण शहात्तर. त्यातले नऊ हेडमध्ये. सदुसष्ट. सदुसष्ट सेंटीमीटरचा पाईप कशात बसणार म्हणून कारागीर हसायला लागले. मल्लिनाथनं कशावरून ते विचारलं नाही, दुसऱ्यांदा मोजायला सांगितलं नाही. त्यानं तो पाईप उतरवून कापलेला तुकडा त्याला पुन्हा जोडला, आणखी एक जोडला, सीटखालून वळण दिलं, आणि बाकीचे नंबर मागं ठेवून तासाभरात तो पाईप भुजंगच्या गाडीला बसवला.

कॅन रिकामे होते म्हणून नळावर पाण्यानं भरले. एवढं करून भुजंगला शंका आलीच. पाईप नवा, वजन पूर्ण, मधेच बंद पडली तर ढकलायला कोण. मी येते, म्हणाले. बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं. चार कॅन दोन्ही बाजूंना, मधे ओढणी कमरेला खोचून मी, पाय कुठं ठेवायचे ते कळत नाही, दोन्ही हातांनी कॅनांच्या कड्या धरलेल्या. दुपारचं ऊन अंगावर आगीसारखं पडत होतं आणि रिंग रोडचा पूल समोर दिसायला लागला. भुजंगनं सवयीनं गिअर खाली टाकायला पाय उचलला. नको, राहू दे, मी त्याच्या कानाशी ओरडले, तिसऱ्यातच राहू दे. त्यानं पाय खाली घेतला. चढ लागला, आवाज जड झाला, माझ्या बुडाखाली सीट घुमायला लागली, आणि मी श्वास धरला. आता मान टाकेल, मला वाटलं, आता. आणि तिथंच, जिथं ती रोज पडायची तिथं, मागून कुणीतरी हात लावावा तसा गाडीला जोर आला. तो नुसता पडद्यावर नव्हता, माझ्या पाठीत, कॅनांतल्या पाण्यात, दातांत होता. एक ट्रॅक्टर आमच्या बाजूला मागं पडला. भुजंगची मान ताठ झाली होती. माथ्यावर पोचलो तसं सगळं लातूर खाली उन्हात पसरलेलं दिसलं.

"चढली की ओ," तो म्हणाला.

"मी बरोबर होते," मी म्हणाले. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाले, "मी बरोबर होते, आणि त्याचा वेल्डही बरोबर होता."

"असंल की मॅडम," भुजंग म्हणाला, आणि उतारावर गाडी सोडून दिली.